वेळ जात नाही, वर्षं उरत नाहीत

आमच्या कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात गेल्या महिन्यात एक व्याख्यान झालं. विषय होता 'सजगतेनं वेळ संथ करा'. सजगता म्हणजे हल्ली ज्याला माइंडफुलनेस म्हणतात ती. वक्ते तळमळीनं बोलले. रोज दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे बघा, घाई ओसरेल, दिवस मोठा वाटेल, वर्षं भुर्रकन उडून जाणार नाहीत, असं त्यांचं सांगणं. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि सभेत दोन तट पडले. एकीकडे विपश्यनेची शिबिरं केलेली मंडळी, 'आधी अनुभव घ्या, मग बोला' म्हणणारी. दुसरीकडे एक निवृत्त इंजिनिअर. त्यांचा आवाज चढला होता. 'तास साठ मिनिटांचा आहे आणि साठच मिनिटांचा राहणार. बाकी सगळे मनाचे खेळ.' चहा येईपर्यंत वाद चालला, चहानंतरही चालला, आणि अजून सकाळी बागेत फेऱ्या मारताना कुणी ना कुणी तो उकरून काढतंच.

मला तो वाद ऐकून वाईट वाटलं, कारण ज्या दुःखातून तो निघाला ते खरं आहे. साठीकडे झुकलेल्या माणसाला आपली वर्षं हातातून निसटताना दिसतात. दिवाळीचे कंदील उतरवून ठेवावेत तोच पुन्हा काढायची वेळ आलेली असते. या दुःखावर काही उपाय आहे का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि दोन्ही बाजू भलत्याच गोष्टीवर भांडत बसल्या. माझं मत आधीच सांगून टाकते. जाणारी वेळ संथ करणं हे सजगतेचं काम नाही, आणि ती संथ व्हावी अशी इच्छाही आपण धरू नये. मात्र वर्षं हरवू नयेत यासाठी सजगतेचा उपयोग आहे आणि तो मोठा आहे. फक्त तो उपयोग दहा मिनिटं संपून डोळे उघडल्यानंतर सुरू होतो. आणि तो कुणाच्या वाट्याला येईल हे ज्याच्या त्याच्या मनावर जितकं अवलंबून आहे, तितकंच त्याच्या घरात कामं कशी वाटली आहेत यावरही आहे. यावर सभेत कुणी एक शब्द बोललं नाही.

घरातलं उदाहरण घेते. माझ्या सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. दुपारी अडीचच्या सुमाराला खिडकीशी बसून त्या म्हणतात, 'वेळ जाता जात नाही गं.' त्याच रात्री जेवताना रामबागेतल्या जुन्या घराचा विषय निघाला की म्हणतात, 'वर्षं कशी गेली, कळलंच नाही.' एकाच तोंडून, एकाच दिवशी. यातलं कोणतं वाक्य खोटं? दोन्ही खरी आहेत, कारण ती दोन निरनिराळ्या घड्याळांबद्दल आहेत. एक घड्याळ चालू क्षणाचं, दुसरं आठवणीचं. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १८९० साली हे स्वच्छ मांडून ठेवलं आहे : निरनिराळ्या अनुभवांनी भरलेला काळ जाताना छोटा वाटतो आणि मागे वळून बघताना लांब, रिकामा काळ जाताना लांबतो आणि आठवताना आक्रसतो. आता 'वेळ संथ करा' हे आश्वासन पुन्हा तपासून बघा. यांपैकी कोणतं घड्याळ संथ करायचं? पहिलं संथ झालं तर त्याला आपण कंटाळा म्हणतो. दवाखान्याच्या बाकावर, रेशनच्या रांगेत, रात्री उशिरा घरी न आलेल्या मुलाची वाट बघताना ते आपसूक संथ होतं. त्यासाठी शिबिराची गरज नाही. आपल्याला खंत असते ती दुसऱ्या घड्याळाची.

हे पटत नसेल तर २०२० आठवा. मार्चअखेर इंदूरला कर्फ्यू लागला. दिवस संपता संपत नव्हते. सकाळची कचरागाडी सोडली तर रस्त्यावर काही हलत नव्हतं. ते महिने आज आठवून बघा. त्यातला एप्रिल कोणता आणि मे कोणता, सांगता येतं? माझ्या हाताला मोजकी पाच-सहा चित्रं लागतात : दाराबाहेर धुऊन वाळत ठेवलेल्या भाज्या, मोबाइलवर पाहिलेलं एका जवळच्या माणसाचं शेवटचं दर्शन, गच्चीतून दिसणारा मोकळा रिंग रोड. इतके लांबलचक दिवस, आणि त्यांचं गाठोडं एवढंसं. जेम्सच्या हिशोबात न बसणारा एक तिसरा प्रकार तर आता रोजचाच झाला आहे. रात्री अंथरुणात पडून आपण अंगठ्यानं रील्स सरकवत राहतो. तास कसा जातो कळत नाही, आणि सकाळी त्यातलं एकही आठवत नाही. जातानाही छोटा, आठवतानाही शून्य. दोन्ही घड्याळांवर तोटा देणारा असा काळ माणसाच्या वाट्याला इतक्या मुबलक प्रमाणात पूर्वी कधी आला असेल असं मला वाटत नाही. सभेतल्या दोन्ही तटांनी खरं तर याच्यावर तुटून पडायला हवं होतं.

'पण अपघातात सगळं संथ झाल्यासारखं वाटतं, ते मी स्वतः अनुभवलंय', असं सभेत एकीनं सांगितलं. तिच्या अनुभवावर मी शंका घेणार नाही. त्या अनुभवाचा अर्थ काय, एवढाच प्रश्न आहे. अमेरिकेत डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली आणि २००७ साली निष्कर्ष छापले. माणसांना ३१ मीटर उंचीवरून, दोर न बांधता, पाठीवर खाली जाळ्यात सोडलं. मनगटावर एक यंत्र होतं. त्यावरचे आकडे इतक्या वेगानं बदलत की एरवी डोळ्याला वाचता येऊ नयेत. पडताना वेळ खरोखर संथ होत असेल तर ते आकडे वाचता यायला हवे होते. कुणालाही ते एरवीपेक्षा चांगले वाचता आले नाहीत. तरीही खाली आल्यावर त्यांना आपलं पडणं दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा लांब वाटलं, सरासरी ३६ टक्क्यांनी लांब. म्हणजे क्षण ताणला गेला नव्हता, तो दाट साठवला गेला होता. भीतीनं लक्ष एकवटलं, म्हणून स्मृतीत जास्त माल गेला, आणि मागे वळून बघताना तो काळ लांब दिसला. निवृत्त इंजिनिअरांचा तास साठ मिनिटांचाच राहिला, आणि त्या बाईंचा अनुभवही खराच ठरला.

मराठीला ही गोष्ट फार आधीपासून माहीत असावी. आपण लक्ष 'देतो' तेव्हा ती गोष्ट लक्षात 'राहते'. देणं आणि राहणं एकाच शब्दाला जोडलेलं आहे. हल्ली रुळलेल्या 'सजगता' या शब्दाच्या आधी आपल्याकडे 'अवधान' होतं. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत श्रोत्यांकडे तेवढंच मागितलं आहे, आणि त्याच्या बदल्यात सगळं सुख देऊ केलं आहे. मंगलाष्टकांच्या शेवटी भटजी 'सावधान' म्हणतात त्यातही तेच अवधान आहे : घटका भरत आली, मन इकडेतिकडे नको. माइंडफुलनेस या इंग्रजी शब्दाची जन्मकथा तर याहून बोलकी आहे. पालीतला 'सति' म्हणजे संस्कृतातली 'स्मृती'. ऱ्हिस डेव्हिड्स या पाली पंडितानं १८८१ साली त्याचं भाषांतर माइंडफुलनेस असं केलं आणि तेच रूढ झालं. मूळ शब्दाच्या पोटात स्मरण होतं. तोच शब्द समुद्रापलीकडे जाऊन, अमेरिका फिरून आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये परत आला तेव्हा त्यातलं स्मरण गळून पडलं होतं आणि 'फक्त वर्तमान क्षणात राहा' एवढंच शिल्लक होतं. माझं भांडण या गळलेल्या तुकड्यासाठी आहे. वर्तमानात राहायचं ते कशासाठी? आपण जगलो ते आपल्याजवळ राहावं यासाठी.

आता समोरच्या बाजूचं बळ मान्य करायला हवं. पहिला आक्षेप पुराव्याचा. ध्यानानं वेळेची जाणीव बदलते याला प्रयोगशाळेत आधार आहे का? थोडा आहे. २०१३ साली इंग्लंडच्या केंट विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना दहा मिनिटं ध्यानाची सूचना ऐकवली, काहींना गोष्ट ऐकवली. ध्यान केलेल्यांना त्यानंतर तेवढाच काळ किंचित जास्त लांब वाटू लागला. पण हा काळ किती? सेकंदाच्या आतबाहेरचा. त्यावरून 'वर्ष मोठं होईल' असं म्हणणं म्हणजे चमचाभर पाण्यावरून यशवंतसागर तलावाची खोली सांगणं. २०१५ साली जर्मनीतल्या मार्क विटमन यांच्या गटानं निराळा मार्ग घेतला. सरासरी दहा वर्षं ध्यान केलेले ४२ जण आणि कधीच न केलेले ४२ जण समोरासमोर ठेवले. सेकंद-मिनिटं मोजण्याच्या चाचण्यांत दोघांत काही फरक निघाला नाही. पण ध्यान करणाऱ्यांना वेळेची ओढाताण कमी जाणवत होती, आणि गेला आठवडा, गेला महिना जास्त सावकाश गेल्यासारखा वाटत होता. शंकेखोर माणूस म्हणेल की मुळात शांत स्वभावाचेच लोक दहा वर्षं ध्यानाला टिकतात, मग श्रेय कुणाचं? शंका रास्त आहे, आणि असल्या एका तुलनेनं ती फिटत नाही. तरीही हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण फरक नेमका आठवणीच्या घड्याळावर पडला. क्षणाचं घड्याळ जसंच्या तसं चालत राहिलं आणि महिन्याला भरीवपणा आला. वक्त्यांचा दावा आणि इंजिनिअरांची टीका, दोन्ही या निकालाच्या अंगावरून नुसत्या निघून जातात.

दुसरा आक्षेप वयाच्या गणिताचा. पॉल जाने या फ्रेंच विचारवंतानं एकोणिसाव्या शतकातच तो मांडला : दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, पन्नाशीच्या माणसाला पन्नासावा, मग ते लहान वाटणारच. ऐकायला बिनतोड आहे. पण असं असतं तर एकाच माणसाची लागोपाठची दोन वर्षं जवळजवळ सारखी वाटायला हवीत. मी पंचावन्नाव्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी पाच महिने बंगळुरूला राहिले. नवी भाषा, नवा बाजार, अनोळखी रस्ते, रात्री-अपरात्री रडणारं बाळ. त्या पाच महिन्यांनी माझ्या आठवणीत जेवढी जागा व्यापली आहे तेवढी त्याच्या आधीच्या तीन वर्षांनी मिळूनही व्यापलेली नाही. विटमन यांनीच २००५ साली एका सहकाऱ्याबरोबर १४ ते ९४ वयाच्या ४९९ जणांना विचारलं होतं. आठवडा, महिना, वर्ष कसं गेलं याच्या उत्तरांत वयानं पडणारा फरक फारच थोडा निघाला. तो ठळक दिसला गेल्या दहा वर्षांच्या बाबतीत. वय वाढतं तसं आयुष्य सवयीचं होत जातं, आणि सवयीचं काही साठत नाही. गणित बदलता येत नाही, सवय थोडीफार बदलता येते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तो सुखाच्या बाजूनं येतो. आपले उत्तम क्षण तर भान हरपल्याचे असतात ना? कीर्तन रंगलं, गप्पा रंगल्या, रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर रंगात न्हालो, की वेळेचं भान राहत नाही. मग भान ठेवायला सांगणारी ही विद्या आनंदाच्या मुळावरच येणार नाही का? याचं उत्तर मला माझ्याच गावच्या गाण्यात सापडलं. उस्ताद अमीर खाँ इंदूरचे. वडील शाहमीर खाँ होळकर दरबाराशी जोडलेले. अमीर खाँचा बडा ख्याल अतिविलंबित, बहुधा झुमरा तालात. चौदा मात्रा, आणि एक आवर्तन मिनिटभराच्या घरात जाणारं. मी पंधरा वर्षांची असताना माझ्या वडिलांनी त्यांच्या मारवा रागाची रेकॉर्ड लावली तेव्हा मी मनात म्हटलं, हे कधी संपणार? क्षणाचं घड्याळ संथ झालं होतं आणि मागे काही उरलं नाही. पुढे कित्येक वर्षांनी, ठेका बोटांवर मोजायला शिकल्यावर, तीच रेकॉर्ड ऐकली. धिं, ऽधा, तिरकिट. धिं, धिं, धागे, तिरकिट. दोन मात्रांमधली मोकळी जागा आता रिकामी राहिली नव्हती. तिच्यात तबल्याचे बारीक बोल होते, स्वर कुठून निघाला आणि कुठे जाऊन टेकणार याची उत्कंठा होती, खाली उतरताना घेतलेला श्वास होता. रेकॉर्डची बाजू केव्हा संपली ते कळलं नाही. आणि तरी आज ती संध्याकाळ मला मिनिटा-मिनिटानं आठवते. हरपलं होतं ते काय? घड्याळाचं भान, 'मी' ऐकते आहे हे भान. अवधान मात्र काठोकाठ होतं. देहभान जातं तिथेच अवधान भरून येतं. कीर्तन रंगतं ते झोपलेल्या श्रोत्यांमुळे नव्हे. म्हणून भान हरपणं आणि सजगता यांच्यात वैर नाही. वैर आहे ते गुंगीशी. रील्समध्ये घड्याळाचं भान जातं आणि अवधानही जातं.

याच दृष्टान्तानं ध्यानाची जागाही मला नेमकी कळली. डोळे मिटून श्वासाकडे बघणं हा रियाज आहे. ती मैफल नव्हे. खर्जात एक स्वर अर्धा तास लावणाऱ्या गवयाला कुणी विचारत नाही की या अर्ध्या तासात किती रंगलं? तो रियाज संध्याकाळच्या गाण्यासाठी असतो. विपश्यनेचा दहा दिवसांचा वर्ग केलेल्यांना तो वर्ग जन्मभर आठवतो. पहाटे चारची घंटा, मौन, दुखणारे गुडघे. पण घरी परतल्यावर रोज पहाटेची जी बैठक होते, तिच्यातल्या एकेका दिवसाची आठवण कुणाजवळ असते? नसावीच. तिनं मनाला एका जागी थांबायला शिकवलं आणि ते शिक्षण दुपारी नातवाबरोबर पत्ते खेळताना कामी आलं, तर तिचं सार्थक झालं. आमच्या मंडळातली वादावादी रियाजालाच मैफल समजून चालली होती.

इथे मला 'प्रत्येक क्षण भरभरून जगा' या उपदेशाशीही फारकत घ्यायची आहे. कुणाला जमलंय ते? तीस वर्षांत लाटलेल्या पोळ्यांतली प्रत्येक पोळी आठवणारी बाई आजारी पडेल. सवय ही मोठी सोय आहे. तिच्या भरवशावरच तर मन दुसरीकडे मोकळं होतं. निवड करावी लागते. आमच्याकडे एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरतात. गेल्या वर्षी सासूबाईंना गच्चीवर खुर्चीत बसवलं आणि आम्ही दोघींनी गहू निवडायला घेतला. त्यांची नजर आता अधू झाली आहे. पण सूप हलवताना त्या कान देत होत्या. मध्येच हात थांबायचा. 'खडा आहे', म्हणायच्या, आणि असायचाच. दाण्याचा आवाज आणि खड्याचा आवाज. मी पस्तीस वर्षं त्यांच्याबरोबर गहू निवडते आहे, आणि हे मला गेल्या वर्षी पहिल्यांदा कळलं, कारण त्या दिवशी मी मोबाइल खाली ठेवून आले होते आणि दुसरं काही डोक्यात नव्हतं. मग एरंडेलानं माखलेल्या तळव्यांत गहू चोळताना त्यांनी रामबागेतल्या घरातल्या कणग्यांची जागा सांगितली, कोणत्या साली कोणत्या कणगीला पाणी लागलं ते सांगितलं. दोन तासांचं काम. माझ्या गेल्या वर्षातलं ते सगळ्यांत मोठं ऊन आहे.

आणि आता चौथा आक्षेप, जो सभेत निघालाच नाही आणि ज्याच्यासमोर मी सगळ्यांत जास्त अडखळते. वेळ संथ करा, हे सांगायचं कुणाला? माझ्या लहानपणी गिरण्यांच्या पाळीचा भोंगा ऐकून घरातली घड्याळं लावत. इंदूरची हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची देणी अडकली, खटले चालले, आणि सुमारे २२४ कोटींच्या रकमेचा धनादेश ४८०० कामगारांसाठी दिला गेला तो २५ डिसेंबर २०२३ ला. तीस वर्षांहून जास्त. कित्येक जण तोवर गेले होते. आमच्याकडे सुतारकामाला येणारे एक जुने गिरणी कामगार मला म्हणाले, 'ताई, तारखेचा दिवस संपायचा नाही, आणि पोरं कधी मोठी झाली ते कळलं नाही.' जेम्सचं अख्खं सूत्र त्या एका वाक्यात आहे, आणि ते सूत्र किती निर्दय असू शकतं तेही. त्यांना मी ध्यान करा म्हणून सांगू? त्यांना न्याय वेळेवर मिळायला हवा होता. रिकाम्या करून ठेवलेल्या वर्षांवर सजगता हा उपाय नाही, आणि जो तसं सांगेल तो अन्याय सोसायला शिकवतो आहे. कचेऱ्यांमध्ये बारा-बारा तास राबवून मधल्या सुट्टीत ध्यानाचा वर्ग ठेवणाऱ्यांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे.

भलत्याच गोष्टीवर वाद घालणं इतिहासात आधीही घडून गेलं आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईनं ती नाकारली आणि ३९ मिनिटं मागे चालणारी आपली वेळ १९५५ पर्यंत जपली. शहाणीसुरती माणसं त्या ३९ मिनिटांवर वर्षानुवर्षं वाद घालत राहिली. आपल्या इंदूरचा सूर्यसुद्धा प्रमाणवेळेच्या सुमारे २६ मिनिटं मागे चालतो, पण तेवढ्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते माणसाच्या दिवसाची मालकी सूर्याकडून भोंग्याकडे गेली तेव्हा. मिनिटं किती, यावर बोलणं सोपं असतं. ती कुणाची, हे विचारणं अवघड. आजही आपण दहा मिनिटं की वीस मिनिटं, यावर बोलतो.

पण म्हणून सजगता हे खाऊनपिऊन सुखी लोकांचं खूळ आहे, हा निष्कर्ष मला मान्य नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचा जो वर्ग सुरू केला, तो जुनाट वेदनांनी गांजलेल्या रुग्णांसाठी होता. ज्यांची रात्र सरत नाही त्यांना वेळ आणखी संथ करून कोण देईल? त्यांना हवं होतं ते वेदनेपलीकडेही आयुष्यात काही आहे याचं भान. आणि तेच सुतार मला पुढे म्हणाले की त्या कोर्टकचेरीच्या वर्षांतल्या त्यांना लख्ख आठवतात त्या अनंत चतुर्दशीच्या रात्री. गिरणी बंद पडली तरी तिची झांकी, म्हणजे मिरवणुकीतला देखावा, निघत राहिली. सोंड हलवणाऱ्या हत्तीच्या सोंडेत सायकलची साखळी कशी बसवली, हे त्यांनी मला रंध्याच्या भुश्शात बोटानं काढून दाखवलं. काढताना त्यांचं काम थांबलं होतं आणि मी घाई केली नाही. या माणसाकडून सगळी वर्षं हिसकावली गेली, पण लक्ष देऊन जगलेल्या त्या रात्री कुणाला घेता आल्या नाहीत. अवधान ही गरिबाचीही मिळकत आहे. म्हणूनच तिच्यावर पडणाऱ्या डल्ल्याबद्दल बोललं पाहिजे.

घरातल्या डल्ल्याबद्दल तर नक्कीच. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, पुरुषांचे ९७. आणि बायकांच्या त्या पाच तासांची जातकुळी बघा. कुकरची तिसरी शिट्टी, मध्येच दाराची बेल, सासऱ्यांचं औषध, उतू जाणारं दूध. एकही तुकडा सलग नाही. झुमऱ्याचं आवर्तन पुरं व्हायच्या आत तीनदा उठावं लागणाऱ्या बाईला मारवा कसा कळेल? तिला 'वर्तमानात राहा' सांगणं म्हणजे त्या पाच तासांत आणखी एक काम वाढवणं. तिला अवधान शिकवायच्या आधी तिचा वेळ सलग करून द्यावा लागेल, आणि तो कुणीतरी स्वतःच्या वेळातून द्यावा लागेल. आमच्या घरी मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ गेल्या वर्षभरापासून माझ्या यजमानांच्या हाती आहे; पोळ्या जाड होतात, मी गाणं ऐकत बसते.

मंडळानं आता सजगतेचा सहा आठवड्यांचा वर्ग ठरवला आहे. रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, हॉलमध्ये सतरंज्या अंथरून. वर्ग चांगला व्हावा असं मला मनापासून वाटतं. काल फलकावरची यादी पाहिली. बावीस नावं आहेत, त्यांत बायका तीन. तिघींनाही मी ओळखते. तिघींच्याही घरी साडेसहाला ओट्याशी उभी राहणारी सून आहे. त्या सुनांसाठी वर्ग किती वाजता ठेवता येईल, असं मी सचिवांना लेखी विचारलं आहे.